मोहरीची उशी

दुसऱ्याच्या घरातलं लिहायचा मला अधिकार नाही, म्हणून आधीच माफी मागतो. बारामतीत मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहतो, त्या काकू काळजी वाटली की उशा काढतात. अभ्रे धुतात, उशा गच्चीवर उन्हात टाकतात, बडवतात, उलटतात, पुन्हा उलटतात.

शुक्रवारी त्यांची लेक इंदापूरच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल झाली. घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे काकूंना जाता येईना. जावयाचा फोन लागेना. सगळे अभ्रे धुऊन झाल्यावर त्यांनी बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून शिवलेली मोहरीची उशी उचलली आणि अख्खी बादलीत बुडवली.

“काकू, आत मोहरी हाय!”

“आता सांगतोस व्हय? तोंड शिवलं व्हतं का? फोन लाव परत!”

फोन लागला नाही. ती ओली उशी छातीशी धरून त्या गच्चीवर येरझारा घालत राहिल्या. संध्याकाळी मी सुट्टीसाठी माझ्या गावी, लोणी भापकरला घरी आलो, पण जेवण काही गेलं नाही.

शेवटी रविवारी त्यांचाच फोन आला.

“पोरगी झाली रं! दोघी बऱ्या हायत. येताना तुमच्या घरची मोहरी आण. हितल्या उशीला मोड आल्यात.”