जॉयसचं नाव आणि मर्लची हरकत

"लिहून घे," मर्ल फोनवर म्हणाली, "माझी हरकत आहे."

मी पेन उचललं. खरं तर फोन तिच्यासाठी नव्हताच. मला तिची धाकटी बहीण जॉयस हवी होती. जॉयस बाजारात गेली होती आणि घरातला फोन मर्लने उचलला होता. हे घर सेंट हेलेना बेटावर, दक्षिण अटलांटिक समुद्राच्या मधोमध. आणि मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, समोर थंड झालेला चहा.

"कशाबद्दल हरकत?" मी विचारलं.

"जॉयसच्या फॉर्मबद्दल. माझ्याच डायनिंग टेबलावर बसून भरलाय तिने. ती तुमच्या इंग्लंडात खरी राहिलेलीच नाही. अकरा महिने काम केलं आणि परत आली. मी इथे एकसष्ट वर्षं राहतेय. मला कुणी फॉर्म दिला नाही."

"मला दुसऱ्याच्या अर्जाबद्दल बोलता येत नाही, मॅडम."

"तू बोलू नकोस. मी बोलते. तू लिही."

मी लिहिलं.

मी इलेक्टोरल सर्व्हिसेसमध्ये आहे. म्हणजे मतदारयादी सांभाळते. तिला इथे रजिस्टर म्हणतात. नवरा साउथहॅम्प्टनला डॉक्टर आहे, त्याच्यामागून मी आले आणि ही नोकरी मिळाली. सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली की आमच्याकडे सहा आठवडे श्वास घ्यायला वेळ नसतो. अर्ज येतात, ते तपासायचे, नाव घालायचं किंवा नाकारायचं. त्यातला सगळ्यात किचकट प्रकार म्हणजे ओव्हरसीज व्होटर. माणूस ब्रिटिश नागरिक, पण राहतो बाहेर. पूर्वी त्याला देश सोडल्यापासून पंधरा वर्षांची मुदत होती. ती आता काढून टाकली आहे. कधीकाळी इथल्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव होतं, किंवा तुम्ही इथे राहत होता, एवढं दिसलं की पुरे. शेवटच्या पत्त्याच्या मतदारसंघात तुम्हाला मत. जगात कुठेही असा.

सेंट हेलेनाच्या माणसांकडे ब्रिटिश पासपोर्ट असतो. बेटाचं स्वतःचं कौन्सिल आहे, त्याला ती मत देतात. पण वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटमध्ये बेटाची एकही जागा नाही. गव्हर्नर लंडनहून येतो.

"त्याला आम्ही निवडत नाही," मर्ल म्हणाली. "त्याला जो पाठवतो, त्यालाही नाही. आता जॉयस निवडणार. का? तर तिने तिकडे म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या. मी इथे आईला घातल्या. मला का नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे सरकारी उत्तर होतं. ते मी दिलं नाही. दिलं असतं तर मलाच लाज वाटली असती.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे बाबा इचलकरंजीला यंत्रमाग कामगारांची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. एक माणूस, एक मत, हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा छापून आलं होतं की उरलेल्या गठ्ठ्यांवर आम्ही भाजी निवडायचो. आणि मी इथे आल्यावर काय झालं? भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून मला काही आठवड्यांत इथलं मत मिळालं. पार्लमेंटचंसुद्धा. ज्या देशाचा पासपोर्ट माझ्याकडे नाही, त्याचं सरकार मी निवडते. माझ्या स्वतःच्या देशात मात्र माझं नाव यादीत असलं तरी मत द्यायचं तर तिथे हजर राहावं लागतं. पोस्टाने नाही, आपल्या वतीने कुणाला पाठवूनही नाही. विमानाने या आणि रांगेत उभे राहा.

त्याच उन्हाळ्यात भारतातही निवडणूक होती. दादाने, माझ्या मोठ्या भावाने, फॅमिली ग्रुपवर शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'झालं आमचं.' मी तो फोटो मोठा करून पाहिला. नखाच्या कडेने शाई जरा पसरली होती. मला त्या बोटाचा असा राग आला की मी दोन दिवस ग्रुप उघडला नाही. दादा ज्याला मत देतो, ते मला पटत नाही, तो मुद्दा वेगळाच. मुद्दा हा की त्याला देता येतं.

आणि तशात जॉयसचा अर्ज. अकरा महिने. पंचवीस-एक वर्षांपूर्वी. आता बेटावर बसून ती इथल्या खासदाराला मत देणार. ना विमान, ना रांग.

मला मत्सर वाटला. त्याला मी तेव्हा तत्त्व म्हटलं.

जॉयसने पत्ता दिला होता तो एका नर्सिंग होमच्या, म्हणजे वृद्धांच्या शुश्रूषागृहाच्या, वरच्या मजल्यावरच्या नोकरवर्गाच्या राहायच्या खोलीचा. वर्षही दिलं होतं. आमची जुनी रजिस्टरं तळघरात आहेत, बाइंड केलेली, रस्त्यांच्या क्रमाने. मी खाली गेले. त्या वर्षाचं रजिस्टर काढलं. रस्ता सापडला. नर्सिंग होम सापडलं. त्या पत्त्यावर सात नावं होती. जॉयस नव्हती.

मी रजिस्टर मिटलं. जरा जोरातच.

वर येऊन जॉयसला ईमेल लिहिला. 'तुम्ही दिलेल्या पत्त्यावर तुमचं नाव आढळलेलं नाही. वास्तव्याचे तीन पुरावे पाच दिवसांत पाठवावेत.' तीन हा आकडा माझा होता. पाच दिवस हीदेखील माझीच मेहरबानी.

मग मर्लच्या हरकतीचा कागद घेऊन ग्रॅहमकडे गेले. ग्रॅहम माझा मॅनेजर. सव्वीस वर्षं याच खात्यात. निवडणुकीच्या काळात तो एकच कार्डिगन घालतो आणि त्याच्या खिशात नेहमी रबरबँड असतात.

"हरकत कुणाची?" त्याने विचारलं.

"अर्जदाराच्या बहिणीची. ती म्हणते जॉयस इथे राहिलीच नाही."

"ती आपल्या रजिस्टरमध्ये आहे?"

"नाही. ती बेट सोडून कधी बाहेर गेलेली नाही."

"मग तिला हरकत घेता येत नाही. ज्याचं नाव रजिस्टरमध्ये आहे, तोच दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो. ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. तरी ऐकून माझं डोकं तापलं.

"म्हणजे तिला मत नाही, आणि मत नाही म्हणून तक्रारही नाही?"

"बरोबर."

"हे तुला बरोबर वाटतं?"

"मी 'बरोबर' म्हणालो. 'योग्य' नाही म्हणालो." त्याने एक रबरबँड बोटाला गुंडाळला. "तुझं नाव आहे की रजिस्टरमध्ये. तू घे हरकत, मग मी तुला या केसवरून काढतो."

तो थट्टा करत होता. मी मात्र पूर्ण अर्धं मिनिट त्याचा विचार केला, हे इथे कबूल करते.

तिसऱ्या दिवशी जॉयसचं उत्तर आलं. लांबलचक. तिच्याकडे तीन पुरावे नव्हते. एकही नव्हता. पगाराच्या चिठ्ठ्या बेटावरच्या दमट हवेत कधीच गेल्या. तिने फोटो जोडला होता. नर्सिंग होमच्या दारात निळ्या युनिफॉर्ममधली एक तरुण बाई, हातात ट्रे, डोळ्यांवर ऊन. खाली लिहिलं होतं, 'ही मी. माझ्यामागचं दार तुम्ही ओळखाल, तुमच्याच गावातलं आहे. त्या वर्षी मार्चमध्ये आले आणि पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी परत गेले. माझ्याकडे एवढंच आहे. एवढ्याने भागत नसेल तर तसं कळवा, मी वाट बघत बसणार नाही.'

शेवटचं वाक्य मला टोचलं. मी फोटो ग्रॅहमला दाखवला. त्याने फोटो बघितला नाही. माझा ईमेल वाचला.

"तीन पुरावे कुठल्या नियमात आहेत?"

"कुठल्याच नाही," मी म्हणाले.

"ती मार्चमध्ये आली म्हणते. तू कुठलं रजिस्टर बघितलंस?"

"तिने दिलेल्या वर्षाचं."

"आणि पुढच्या वर्षाचं?"

आणि मला कळलं. आता रजिस्टरमध्ये दर महिन्याला नावं घालता येतात. त्या काळी तसं नव्हतं. ऑक्टोबरात घरोघरी फॉर्म जायचे, त्या दिवशी त्या घरात कोण राहतं ते लिहून यायचं, आणि त्यावरून तयार झालेलं रजिस्टर लागू व्हायचं पुढच्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये आलेला माणूस त्या वर्षाच्या रजिस्टरमध्ये असूच शकत नाही. तो असणार पुढच्या. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. नव्या मुलांना हे मीच शिकवते.

मी तळघरात गेले. शेजारचंच रजिस्टर. तोच रस्ता. तेच नर्सिंग होम. आठ नावं. पाचवं जॉयसचं, आडनावासकट, स्पेलिंगसकट.

परत जायच्या जेमतेम दोन आठवडे आधी लागू झालेली यादी. तिने त्यावर कधी मतही दिलं नसेल. पण नाव होतं. आणि ते मला पहिल्या दिवशीच सापडलं असतं. मी शोध थांबवला, कारण जे सापडू नये असं वाटत होतं ते सापडलं नव्हतं.

"माफीचं पत्र तू लिही," ग्रॅहम म्हणाला. "कारण देत बसू नकोस. लोकांना कारणं नको असतात, नाव हवं असतं."

नावनोंदणीची मुदत संपायला दोन दिवस होते. मी नाव घातलं. मग जॉयसला फोन केला. पोस्टाची मतपत्रिका बेटावर जाऊन वेळेत परत येणं शक्य नव्हतं. उपाय एकच, प्रॉक्सी. म्हणजे तुमच्या वतीने इथला दुसरा मतदार बूथवर जातो आणि तुम्ही सांगाल त्याला मत देतो. नर्सिंग होममधली तिची जुनी मैत्रीण पॅट अजून याच गावात होती. ती तयार होती.

"फॉर्मवर सही कुणाची?" जॉयसने विचारलं.

"तुमची."

"दोन चालतील?"

"दोन कशाला?"

"मर्लचीही. अर्धं तिचं आहे. मी तिकडे होते तेव्हा आईचं सगळं तिने केलं. ती थांबली म्हणून मी गेले. मी गेले म्हणून नाव लागलं. मग सांग, नाव कुणाचं?"

मागून मर्लचा आवाज आला. "तिला सांग, माझा उमेदवार वेगळा आहे!"

"तुझा उमेदवार गाढव आहे," जॉयस म्हणाली.

"गाढव असेल, पण तुझ्यासारखा अकरा महिन्यांत पळणारा नाही."

"मॅडम," मी म्हणाले, "कुणाला मत देणार ते मला सांगू नका. मला ऐकता येत नाही."

"मग कान बंद कर," जॉयस म्हणाली. "मर्ल, ऐक. या खेपेला तुझा. पुढच्या खेपेला माझा. आता तरी हरकत मागे घे."

तिकडे नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

"घेते," मर्ल म्हणाली. "पण त्या मुलीला म्हणावं, लिहिलेलं खोडू नकोस. तसंच ठेव."

मी ग्रॅहमला हे सांगितलं. तो म्हणाला, "सही जॉयसची. प्रॉक्सीला ती काय सांगते, कुणाला विचारून सांगते, हे आपण ऐकलेलं नाही." मग थोड्या वेळाने, कार्डिगनची बटणं लावत: "चांगली पद्धत आहे मात्र."

मला त्या दोघींचा इतका हेवा वाटला की आधीचा मत्सर त्यापुढे काहीच नाही. मत एक, आणि त्याच्यावर भांडायला समोर माणूस. आमच्या घरी मतं दोन देशांत, आणि दादा आणि मी निवडणुकीबद्दल शब्द बोलत नाही.

त्या रविवारी मी दादाला फोन केला. हकिगत सांगितली. तो हसला, विशेषतः गाढवाला. मग मी धीर करून म्हणाले, "दादा, बाबांची औषधं, दवाखाने सगळं तूच बघतोस. तू थांबलास म्हणून मी येऊ शकले. हे मी कधी बोलले नाही."

"मुक्ते, काय पाहिजे ते बोल."

"पुढच्या निवडणुकीत मला विचारून मत दे. त्याच्या पुढच्या वेळी तुझ्या मनाने."

"अजिबात नाही," दादा म्हणाला. "तिकीट काढ आणि ये. रांगेत माझ्या पुढे उभी राहा. शाई तुला आधी लावायला सांगतो."

पॅटने जॉयसचं मत दिलं. कुणाला, ते मला माहीत नाही. मर्लला अजून मत नाही, आणि ते असायला हवं हे मी आजही म्हणते, कुणी विचारलं नाही तरी. तिच्या हरकतीचा कागद मी फाडला नाही. कायद्याने त्याला किंमत शून्य. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

कामाची शिकवण एवढीच. नाव सापडलं नाही तर शेजारचं रजिस्टर काढायचं. आणि ते सापडू नये असं वाटत असेल, तर दुसऱ्या कुणाला तरी तळघरात पाठवायचं.