सासऱ्यांचा पावश्या

लग्न होऊन मी बोरीवलीला आले तेव्हा सासरे घरीच असत. गिरणीचा संप लांबत गेला आणि त्यांचं कामावर जाणं कायमचं थांबलं. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात उभी हयात गेल्याने त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. बोलत तर फारच कमी. मला वाटायचं, सून पसंत नसावी.

पहिल्याच चैत्रात, एका सकाळी मी त्यांचा चहा घेऊन गॅलरीत गेले. आमच्या बिल्डिंगच्या मागे नाला होता आणि नाल्यापलीकडे नॅशनल पार्कची झाडी. तिथून पावश्या ओरडत होता. 'पेरते व्हा, पेरते व्हा', सूर चढवत, गळा फाटेपर्यंत. सासरे कठड्याला टेकून त्याला विचारत होते, "खंय पेरू रे? ह्या गॅलरीत?"

मला हसू आवरेना. ते वळले, ओशाळले, आणि मग तेही हसले. चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, की मालवणकडे त्यांच्या गावी हा ओरडायला लागला की वडील नांगर बाहेर काढून तपासायचे. पण इतकी वर्षं ऐकूनही पक्षी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला. म्हटलं, बाबा, रविवारी जाऊ या ना बघायला.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. घरात दळण आणायला कुणी नाही आणि हे दोघे पाखरं बघत फिरणार, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवातीचे रविवार फुकटच गेले. आवाज यायचा, पण कुठल्या बाजूने, ते सासऱ्यांना एका कानाने उमगत नसे. मी दंडाला धरून त्यांचं तोंड तिकडे वळवेपर्यंत आवाज दुसऱ्याच झाडावर गेलेला. एकदा आंब्याच्या पानांत अंगभर ठिपके असलेला पक्षी दिसला आणि हाच तो, म्हणून ते हरखले. तेवढ्यात काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा कोकीळ त्याच्याशेजारी येऊन बसला, तेव्हा कळलं की ठिपकेवाली ही कोकिळाची मादी. गातो तो नर, ती बसून ऐकते. आमच्या घरी नेमकं उलट आहे, असं सासरे म्हणाले आणि मागे कुणी नाही ना, ते बघून घेतलं.

मग एका रविवारी पावश्या अगदी जवळ ओरडत असताना अचानक गप्प झाला. बुलबुल कलकलाट करत उडाले आणि एक राखाडी, पट्टेरी शेपटीचा पक्षी पानं झडलेल्या सावरीवर येऊन बसला. शिकरा, सासरे पुटपुटले. आपल्या पावश्याला तो खाणार, याच धास्तीने त्यांनी वाकून दगड उचलला.

हात वर गेला, आणि त्याच पक्ष्याने मान उंचावून गळा फुगवला. 'पेरते व्हा!'

सासऱ्यांचा हात तसाच राहिला. मग दगड हळूच खाली ठेवत ते म्हणाले, "मेल्या, तो तू?"

त्यांचे डोळे भरले होते. मी दुसरीकडे बघत राहिले. परतताना ते सबंध वाटभर बोलत होते. वडिलांबद्दल, गिरणीबद्दल, आणि पहिल्यांदा मुंबईत आले तेव्हा रात्रभर झोप न लागल्याबद्दल. मी नुसतं हुं हुं करत होते.

घरी त्यांनी सासूबाईंना पावश्याची मान, शेपूट, बसण्याची ढब, सगळं करून दाखवलं. त्या पोळ्या लाटत ऐकून घेत होत्या. पुढच्या रविवारी आम्ही चपला घालतोय तर त्याही पदर खोचून दारात हजर. तिघं मिळून कुठे जाण्याची ती आमची पहिलीच वेळ. शेजारीण, पाणी, कांद्याचे वाढलेले भाव, असं करत सासूबाई जाता-येता इतकं बोलल्या, की त्या दिवशी आम्हाला कावळासुद्धा धड दिसला नाही. सासरे मात्र चांगला कान त्यांच्याकडे करून चालत होते.