माझ्याच घरात माझी घुसखोरी

ऑनलाइन चोरट्यांपासून सावध कसे राहावे, हे आरमोरीतील आमच्या गल्लीला मीच शिकवले. वनक्षेत्रपाल म्हणून मी निवृत्त झालो होतो. हुकूम देण्याची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती. हुकूम दोन होते. फुकट मिळेल त्याला हात लावू नये. आणि अनोळखी क्रमांकावरून प्रत्यक्ष माझा आवाज आला, तरी विश्वास ठेवू नये! (दुसऱ्या हुकुमाला टाळ्याही पडल्या.)

पुढे मुलगी संघमित्रा हिच्या नोकरीसाठी नागपुरात कागदपत्रांची तपासणी होती. पदवीचे प्रमाणपत्र घरीच राहिले. माझा फोनही तिथेच! तपासणी अधिकाऱ्यांनी बजावले, "तूर्त प्रत चालेल. पण तुमचा नंबर येईपर्यंत आणा, नाहीतर नाव बाद."

"बाबा, प्रमाणपत्राची फाइल घरच्या कम्प्युटरमंदी हाय. तो चालूच हाय ना? इथूनच उघडते त्याले. सॉफ्टवेअर फुकट हाय," संघमित्रा म्हणाली. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तिने संगणकावर काही आकडे टाकले आणि आमच्या घरच्या संगणकाचा पडदा डोळ्यांपुढे उभा राहिला! "फाइल उघडा अन् छापून आना," असे सांगून ती रांगेत पळाली.

मी माउसने बाण सरकवला. फाइल सापडली. तोच पडदा काळा!

दुकानदाराचा फोन मागून घरी लावला.

"मेन स्विच तू बंद केलास?"

"केला! बाण आपोआप फिरून राह्यला होता," पत्नी सुजाता म्हणाली. "पन तुमी कोन?"

"मी. बाण मीच फिरवत होतो. तसे सॉफ्टवेअर असते. फुकट मिळते."

पलीकडून मग शेजारचे शिंपी सलीमभाऊ ओरडले, "भाभी, ठेवा फोन! नंबर अनोळखी, माल फुकट, अन् आवाज बी हुबेहूब साहेबांचा! त्यायनं सांगतलं होतं तसंच!"

"कोन होय रे तू?" पत्नीने दरडावले. (लग्नानंतर पहिल्यांदा मला 'तू' म्हटले गेले ते त्या दिवशी.)

रस्त्यापलीकडे, कार्यालयाच्या दारातून संघमित्रा हातवारे करीत होती. तिच्यापुढे एकच उमेदवार उरला होता. आयुष्यात प्रथमच मी विनवणी केली.

"सुजाता, कृपा करून ऐक. पोरीची नोकरी जाईल गं. तुझे फार उपकार होतील."

"आयकलं, सलीमभाऊ? 'कृपा करून' म्हनते! हा चोरच होय. आमचे हे जलमात असं नाई बोलले!"

"पोलिसायले बोलावू काय, भाभी?"

माझा संयम संपला. "मूर्खांनो! स्विच लावा! संगणक सुरू करा! आत्ताच्या आत्ता!"

दुकानातील गिऱ्हाईकेसुद्धा सावधान उभी राहिली.

"अरे बापरे, हे तं साहेबच!" सलीमभाऊ पुटपुटले.

"लावते, लावते! अवो, मंग आधीच असं नीट बोलाचं ना!"

प्रत वेळेत पोहोचली. संघमित्रेला नोकरीही लागली. त्यानंतर, घरात थोडे मृदू बोलावे, असे मी ठरविले. परवाच म्हणालो, "सुजाता, चहा फार छान झाला आहे."

तिने कप खाली ठेवला, उठली आणि मेन स्विचजवळ जाऊन उभी राहिली.