काडी मोडल्याची साक्ष

विद्याश्रीला कोल्हापुरात नावच उरलं नव्हतं. राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला सिस्टर म्हणत. जिन्यात भेटली की घरमालकीणही सिस्टरच म्हणे. पेशंट बरे होऊन घरी जाताना तिच्या पाया पडत आणि पुढे महाद्वार रोडला समोरून आले तर ओळखत नसत. पांढऱ्या कपड्यातली बाई आणि साडीतली बाई एकच असते, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही, त्याला कोण काय करणार!

२००३ साली तिला विलायतेतल्या एका वृद्धाश्रमाचं नोकरीचं पत्र आलं. आनंद झाला, पण सांगायचं कुणाला? शेवटी तिनं ते पत्र लकवा झालेल्या एका आजींना वाचून दाखवलं. आजी हसल्या. तशा त्या सगळ्यालाच हसत.

घोडं अडलं व्हिसाच्या कागदांवर. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव होतं, महांतेश. आणि त्या नवऱ्यापासून ती तेरा वर्षांपूर्वी वेगळी झाली होती, तीही गावच्या रिवाजानं, कुरुंदवाडला, पंचांसमोर. भांडण असं नव्हतंच. तिला नर्सिंगचा कोर्स पुरा करायचा होता आणि सासरच्यांना सून घरात हवी होती. पंचांतल्या शिवय्या स्वामींनी दोघांच्या हातात एक काडी दिली, दोघांनी ती मोडली आणि समाजाच्या लेखी दोघं मोकळी झाली. महांतेशनं पुढे दुसरं लग्न केलं. हिचं आज करू, उद्या करू म्हणता राहून गेलं. नर्सिंगच्या दाखल्यांवर मात्र सासरचं नाव तसंच राहिलं होतं, तेच पासपोर्टवर चढलं.

"काडी?" वकील हंबीरराव एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट थांबला. "अवो सिस्टर, विलायतेतल्या सायबाला काडी दावणार काय? त्याला कोर्टाचा कागद लागतोय." मग ते समजुतीनं बोलले, "दोघांच्या संमतीचा अर्ज घालू. साताठ म्हैन्यात मोकळ्या व्हताय. पावण्याला तेवढं सहीला आणा."

नोकरी देणारे वर्षभर थांबायला तयार होते. विद्याश्रीनं महांतेशला निरोप धाडला आणि ठरल्या दिवशी तो आला. सोबत त्याची बायको शांभवी होती. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या कोर्टाच्या आवारात, झाडाखाली, शांभवीनं डबा उघडला. धपाटी होती, शेंगांची चटणी होती.

"खावा, अक्का. सकाळनं काय खाल्लं नसंल तुमी."

कितीतरी वर्षांनी कुणीतरी अक्का म्हणालं. विद्याश्रीनं आणखी एक धपाटं मागून घेतलं.

एवढ्यात हंबीररावांनी चष्मा चढवून अर्ज वाचायला घेतला. उभयतांचा विवाह आजतागायत कायम आहे, इथवर ते आले आणि शांभवी मध्येच बोलली, "आजपतुर कायम? मग मी कोण, सायेब?"

"कायद्यानं बघाल तर आजच्या तारखेला लग्नाची बायको ह्या सिस्टर," हंबीरराव म्हणाले. "निकाल लागल्यावर तुमी दोघं परत लगीन करून घ्या की. काय बिघडतंय?"

शांभवीच्या घरी दोन मुली होत्या. ती डब्याचं झाकण लावू लागली, ते काही केल्या बसेना.

आणि विद्याश्रीला, खरं तेच सांगायचं तर, बरं वाटलं. एवढी वर्षं कुणाची कुणी नसलेली बाई, बसल्या जागी कुणाची तरी बायको निघाली. कुरुंदवाडचं ते घर, तो दारातला गोठा, समोर मान खाली घालून बसलेला हा माणूस, कागदावर सगळं तिचं होतं. लाज तिला वाटली, पण मागाहून.

"दुसरा रस्ता काय?" तिनं विचारलं.

"काडीमोड खरीच झालीती, असा दावा घालायचा. पंच आणायचे, रिवाज शाबीत करायचा. वरसं जातील त्यात. नोकरी तवर ऱ्हातीया व्हय?"

"तोच दावा घाला."

"डोकं फिरलंय काय तुमचं?"

महांतेशनं पहिल्यांदाच मान वर केली. "विद्या, तू जा की. आमचं आमी बघू." तिला त्या नावानं हाक मारणारा जगात तेवढाच एक उरला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. अर्ज हंबीररावांच्या हातून घेतला आणि फाडला.

मग तारखांमागून तारखा पडत गेल्या. पट्टेवाला नवऱ्याच्या नावासकट तिचा पुकारा करी आणि ती चटकन उठे. वर्ष सरलं, तशी वृद्धाश्रमानं गोड भाषेत दुसरी नर्स घेतल्याचं कळवलं. हेही तिनं कुणाला सांगितलं नाही. लकव्याच्या आजी तोवर वारल्या होत्या.

पंचांपैकी एकटे शिवय्या स्वामी हयात होते. पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी सगळं खणखणीत सांगितलं. काडी जोंधळ्याच्या कडब्याची होती, हेसुद्धा सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, "दोघांची खुशी होती?"

"खुशी कुणाचीच न्हवती, सायेब. रडत मोडली. त्यातबी पोरगं ज्यास्त रडलं. पर मोडली, ती मी माज्या डोळ्यानं बघितली."

विद्याश्रीला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिनं मान वर केलीच नव्हती.

निकाल २००७ साली लागला. १९९० सालीच लग्न मोडलं होतं, असं कोर्टानं ठरवलं. तोवर विलायतेनं परदेशी नर्सना घेण्याचे नियमही कडक केले होते. हंबीरराव म्हणाले, "आता कुटंबी जावा. दुबईचं बघू?" ती नुसती हसली. निकालाला आलेल्या महांतेश-शांभवीला ती स्टँडवर गाडीत बसवायला गेली. शांभवी खिडकीतून डोळे पुसत म्हणाली, "अक्का, सणाला या." येते म्हणाली ती. महांतेश पलीकडे बघत होता. गाडी हलली.

जिन्यात घरमालकीण भेटली. "सिस्टर, काय लागला निकाल?"

"माझ्या बाजूनं लागला," विद्याश्री म्हणाली आणि खोलीत जाऊन तिनं कडी लावली. काडी मोडली त्या दिवशी रडायला निदान दोघं होती. आज ती एकटीच रडली.