कपाळावर पारखलेला चेंडू

मस्तगडला चपला शिवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तरुणपणी तो मुंबईच्या क्लबात पगारावर फुटबॉल खेळला होता. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीची मॅच होती आणि शाळेचा एकुलता एक चेंडू उसवला होता.

"वरून टाके घाला, जल्दी," मी हळूच म्हटलं.

"बिलकुल न्हाई, ताई. गाठ आतच पाहिजे. पोरी डोक्यानं मारतेत."

शिवलेला चेंडू त्याने स्वतःच्या कपाळावर सगळीकडून घासून पाहिला. तिथे जुना व्रण होता. "पगारासंगं हे बी मिळालं," तो हसला.

लेकीने डोक्याने गोल केला. एवढ्या लोकांसमोर मी मैदानात धावले आणि तिचं कपाळ चाचपलं. साधा ओरखडाही नव्हता.