‘सिरियस आहेत, निघून ये’

आठवीला इंग्रजीत समानार्थी शब्द शिकवायची वेळ आली की मला नको होतं. एरवी मी वर्गात कुणाला भीक घालत नाही, पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात तेही ठाऊक आहे. पण ‘सिरियस’ हा शब्द फळ्यावर लिहायचा म्हटलं की खडू हातातच राहतो. मग लिहिते. खाली ग्रेव्ह, अर्नेस्ट, क्रिटिकल. एक संकटाला लावायचा, एक मनापासून काम करणाऱ्या माणसाला, एक दुखण्याला, असं सांगते आणि म्हणते, करा आता एकेक वाक्य.

यंदा पहिल्या बाकावरच्या मुलीनं वाक्य केलं, माझे मामा सिरियस होते म्हणून आई मुंबईला गेली. मी आपलं सहज विचारलं, "मग आता बरे आहेत का?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. ती म्हणाली, "बाई, सिरियस झाल्यावर कोण बरं होतं?" मी तिचं वाक्य बरोबर धरलं आणि तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर आले.

आमच्या म्हसळ्याकडे घरातली निम्मी माणसं मुंबईला. गावात कुणी वारलं की फोनवर ‘गेले’ म्हणायचं नाही. ‘सिरियस आहेत, निघून ये’ एवढंच म्हणायचं. रस्ता लांबचा, माणूस एकटा, वाटेत कोसळला तर बघणार कोण? त्याला धीर यावा म्हणून वर आणखी दोन शब्द घालायचे, अजून बोलतायत, तुझं नाव घेतायत. यात कुणाचं काही वाईट मनात नसतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय.

माझा धाकटा भाऊ मुंबईत नोकरीला. आई गेली तेव्हा त्याला काकांनी असाच फोन केला आणि त्या भाबड्यानं तो खरा मानला. पनवेलला उतरून मोसंबी घेतली, ओळखीच्या डॉक्टरांना विचारून बेडची सोय केली. घरी पोचला तर अंगणात तिरडी बांधत होते. मोसंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन तो बसून राहिला, कुणी काढून घ्यायला गेलं तर देईना. नंतर मला म्हणाला, "ताई, वडखळपासून देवाची विनवणी करत आलो गं. आई तेव्हा नव्हतीच." पुढे कितीतरी दिवस तो काकांशी बोलला नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्याचं झालं.

मग भातकापणीच्या दिवसांत अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडलांच्या, छातीत दुखायला लागलं. म्हसळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय पार थकलंय, अलिबागला न्यायचं तर वाटेत टिकतील असं वाटत नाही, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. अप्पा मात्र शुद्धीवर होते. चहा मागत होते, कापलेलं भात पावसात भिजंल म्हणून कुरकुरत होते. आणि भावाचं नाव घेऊन मला विचारलं, "त्याला सांगितलंस काय?"

मी बाहेर व्हरांड्यात येऊन भावाला फोन लावला. "अप्पा सिरियस आहेत. लगेच नीघ."

तो पलीकडून म्हणाला, "बरं."

त्यानं अप्पांना गेलेलंच धरलं होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "अरे, तसं नाही. खरंच आहेत. बोलतायत, तुझं नाव घेतायत." बोलता बोलताच मला कळलं, काका आईच्या वेळी अगदी हेच बोलले होते. "तुझी शपथ," मी म्हटलं. तो रडायला लागला होता. "तू तरी नको गं ताई," म्हणाला. "कळलं मला. येतो आम्ही."

पुन्हा लावला तर भावजयीनं उचलला. तिला म्हटलं, अगं, आत्ता चहा प्यायलेत. ती समजुतीनं म्हणाली, "हो ताई. तुम्ही आधी स्वतःला सांभाळा." माझं डोकं फिरलं, पण राग काढणार कुणावर? अप्पांशीच बोलणं करून द्यावं तर आत रेंज नाही, आणि त्यांच्या नाकाला नळी, त्यांना बाहेर आणता येईना. त्यांचा फोटो काढून पाठवला. त्यानं तो उघडलाच नाही. आई गेल्यावर तिचा तसलाच फोटो कुणीतरी सगळ्यांना पाठवला होता. पुढे त्याचा फोन लागेचना, कारण तो नातेवाइकांना कळवत सुटला होता. फळ्यावरचा एकेक शब्द मी मनात आणून बघितला. जिवंत माणसासाठी एकही शिल्लक नव्हता, सगळे आम्हीच मेलेल्यांसाठी वापरून टाकले होते.

माणूस गेल्यावर घाई कसली? त्यानं चाळीतल्या गाववाल्यांना बोलावलं, गाडी ठरवली, दिवा स्टेशनला जाऊन आत्याला घेतलं, हार घेतला. इकडे अप्पा विचारत होते, "निघाला काय?"

"निघाला, अप्पा."

"खयपर्यंत आला?"

"कोलाडला आला." तेव्हा त्यानं मुंबईही सोडली नव्हती. पुढच्या वेळी मी त्याला माणगावला आणला, मग घाटात. "आलाच आता," म्हणत राहिले. दिवेलागणीच्या सुमाराला अप्पांनी विचारणं सोडलं, नुसते दाराकडे बघत होते.

मी पुन्हा फोन लावायला व्हरांड्यात आले, तेवढ्यात भावाचाच आला. म्हणाला, "ताई, घराला कुलूप का गं? अंगणात कुणीच नाही." मयत घरीच असणार म्हणून त्यानं गाडी सरळ गावाला नेली होती, या दवाखान्याच्या दारावरून. फोनवर त्याच्या मागून शेजारीण बोलताना मला ऐकू आली, "अरे, अप्पा दवाखान्यात हायेत. सकाळी चांगले बोलत व्हते."

"आहेत?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"आहेत," मी म्हटलं. "लवकर ये."

या वेळी त्याचा विश्वास बसला. गाववाल्यांना आणि आत्याला तिथंच अंगणात सोडून तो उलटा फिरला. मी अप्पांना सांगायला आत गेले, तर नर्स त्यांची नाडी बघत होती. तिनं मान हलवली आणि नळी काढायला घेतली.

तो धावत आला, हार हातात तसाच. घेतला होता तेव्हा अप्पा चहा मागत होते. त्यानं त्यांच्या पायांना हात लावला, पाय अजून गरम होते. माझ्याकडे वळून म्हणाला, "मी फोन केला तेव्हा होते?" म्हटलं, "होते रे." त्या रात्री तो हार त्यानं अप्पांना घातला नाही. दुसऱ्या कुणीतरी घातला.

आता सुट्टीत येतो, ओट्यावर माझ्याशेजारी बसतो. तो फोटो त्यानं नंतर उघडला. नाकात नळी, उशाशी चहाचा कप, अप्पा वैतागून माझ्याकडे बघतायत. फोटोनं एवढंच कळतं की ते होते. बाकीचं तो मलाच विचारतो, दर वेळी, इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर.

"ताई, खरंच माझं नाव घेत होते?"

"घेत होते," मी सांगते. दुसरं काय सांगू? तेच खरं आहे.

तो काकांकडे बघायचा तसा माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "बरं."