ओस गावाच्या दारात

दोह्यातल्या अल दुहैलहून निघतानाच मी खालिदला बजावलं होतं, "गाव गाडीतूनच दाखवायचं. आईंना खाली उतरवायचं नाही." तो मुकाट्यानं हो म्हणाला. मागच्या सीटवर त्याची आई, उम्म खालिद (म्हणजे खालिदची आई, इथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात), नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसली होती. मी तिची घरची नर्स, मूळची वसईची. ऐंशी उलटलेल्या, हृदय थकलेल्या बाईला घेऊन ही असली सफर मला मुळीच पसंत नव्हती. पण डॉक्टरांनीच सांगितलं होतं, त्यांची काही इच्छा असेल तर आता पुरी करा. इच्छा एकच होती: जन्म झाला त्या घरात पुन्हा एकदा पाऊल टाकायचं.

वाटेत खालिदनं करक (आपलाच कडक चहा, इथं येऊन करक झालेला) घेतला. म्हातारीनं माझ्या हातात खजूर कोंबला आणि खाईपर्यंत नजर हलवली नाही. मी खाल्ला, पण माझा सगळा जीव सिलिंडरच्या काट्यात.

रस्ता उत्तरेकडे सरळ, दोन्ही बाजूंना भुरकट माळ. खालिद त्याच्या मोडक्या हिंदीत गावाची कथा सांगत होता. उन्हाळाभर पुरुष मोती काढायला समुद्रावर, मागं गाव बायकांचं. एकच विहीर, तीही मचूळ. एका घरात मासळी आली की चार घरांत कालवण. मग मोत्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, पुरुष दुखानला तेलाच्या कामावर गेले. शहरात वीज आली, शाळा आल्या, तसं एकेक घर उठलं.

"रोगराई, भांडणतंटा काही नाही?" मी विचारलं.

"नाही. शेजारी गेले, म्हणून आम्हीही गेलो."

गाव दिसलं तेव्हा ऊन चढलं होतं. समुद्रालगत दगडमातीच्या पडक्या भिंती, मधोमध मशिदीचा एकटा मनोरा. गाडी अलीकडेच अडली, पुढं भुसभुशीत वाळू. आली का पंचाईत! मी नको नको म्हणेपर्यंत बाई दार उघडून खाली उतरलीसुद्धा. व्हीलचेअरची चाकं वाळूत रुतली, तेव्हा ती काठी टेकत निघाली; खालिदनं तिला एका बाजूनं धरलं, मी सिलिंडर खांद्याला अडकवून दुसऱ्या बाजूनं. तिच्या छातीतली घरघर मला माझ्या कानाशी ऐकू येत होती. हिला इथं काही झालं तर हॉस्पिटल कुठं?

घराला दार नव्हतं, नुसती चौकट होती. चौकटीशी ती थांबली आणि हाक दिली, "हूद."

आत वारा. ती वाट बघत राहिली.

"चला ना आत," मी म्हटलं. ती हलेना.

खालिद हळूच म्हणाला, "सिस्टर, आमच्याकडे आधी 'हूद' अशी हाक द्यायची. आतून या म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

"आत कोणी नाही, हे त्यांना ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे."

तिनं पुन्हा हाक दिली. आवाज निम्म्यावर आला होता, ओठ निळसर पडले होते. मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! मरायला टेकलीय आणि रिकाम्या घराची परवानगी मागतेय. खालिदनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हातारीनं मान खाली घातली, माझा हात दाबला आणि म्हणाली, "खलास. यल्ला." परत चला.

इतकी वाट तुडवून ती उंबऱ्यावरून माघारी फिरत होती, आणि ते काही माझ्यानं बघवलं नाही. सिलिंडर खालिदच्या हातात दिला आणि मी मागच्या बाजूला धावले. भिंतीला भगदाड होतं, त्यातून आत घुसले. दगड घसरले, कोपर सोलवटलं. अंगणाच्या मध्ये उभी राहिले आणि तोंड उघडताना अडखळले. या घरात तिला उम्म खालिद कोण म्हणणार? इथं ती पोर होती. तिचं नाव तिच्या फायलीवर मी रोज लिहायचे. एरवी ते घेणारं कोणी उरलं नव्हतं.

"नूरा," मी ओरडले, "तफद्दली." ये, आत ये.

 मग चौकटीत तिची काठी दिसली, मागून ती. उजवा पाय आधी टाकून आत आली. भिंतीवरून हात फिरवत कोपऱ्यातल्या ओट्यापर्यंत गेली, बसली, आणि माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

"ओ द्यायला इतका वेळ लागतो होय?" खालिदनं रडत रडत मला तिच्या बोलण्याचा अर्थ सांगितला.

परतीच्या वाटेवर ती माझ्या खांद्यावर झोपली. श्वास ठीक होता, तरी मी तो दोह्यापर्यंत मोजत बसले.

माझ्या फ्लॅटच्या दाराशी पोचले तेव्हा किल्ली हातात होती. ती लावली नाही, बेल दाबली. आतून विल्सनचा, माझ्या नवऱ्याचा आवाज आला, "अगं, किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

"आहे," मी म्हटलं. "तू ये म्हण."